दोन गेटवर एकच बाई

"माझ्या लॅपटॉपवर तर नीट चालतंय." हे वाक्य आता कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माणच्या आयटी पार्कातल्या आमच्या ऑफिसने चाकणच्या एका कारखान्याला हजेरीचा प्रोग्रॅम करून दिला होता. गेटवर कार्ड टेकवायचं, सर्व्हर नोंद घेणार. एक दिवस तिथल्या मॅनेजरांचा फोन आला. पॅकिंगमधली एक बाई एकाच वेळी पुढच्या आणि मागच्या गेटवर हजर दिसतेय, म्हणजे तिने दुसरं कार्ड करून कुणाला तरी दिलंय. कामगार पुरवणारा ठेकेदार तिला काढायला निघाला होता. त्याआधी एकदा प्रोग्रॅम तपासायला मला पाठवलं.

बाई गेटबाहेर बसली होती. तिथल्याच गावची, माझ्या आईच्या वयाची. "ताई, माझं एकच कार्ड हाय वो. दुसरं कुठनं आणू?" नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या पगारावर. मला तिच्याकडे बघवेना.

लॅपटॉपवर कितीही कार्डं मारली तरी सगळं ठणठणीत. मॅनेजर म्हणाले, "कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल, मॅडम?" माझाच मला राग आला.

मग मागच्या गेटवर जाऊन बायकांना विचारलं, कुणाची हजेरी बुडते का?

"बुडती की अधनंमधनं," एक जण म्हणाली. "मुकादम हातानं लावतो."

घ्या! हजेरी लागली नाही की मुकादमाला सांगायचं, तो मांडून देतो, विषय संपला. तक्रार कुणी कशाला करेल? आणि या बुडालेल्या हजेऱ्याच गेटबाहेर बसलेल्या त्या मावशींच्या नावावर पडत असणार.

दुपारच्या शिफ्टच्या बस दोन्ही गेटांवर एकदम आल्या तेव्हा मी कारखान्याच्या सर्व्हरपुढे बसले होते. तिथे सापडलं. आमचा प्रोग्रॅम कार्डाचा नंबर एका सामाईक जागी ठेवून डेटाबेसची वाट बघत थांबायचा. तेवढ्यात दुसरं कार्ड आलं की जुन्या नंबरावर नवा, आणि मग दोन्ही नोंदी त्या नव्याच्याच नावावर. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, तिथे आमच्या प्रोग्रॅमचं पहिलं काम आटपल्यावरच दुसरं यायचं. कारखान्यात विंडोज, थांबलेली कामं पुढे सरकवायची त्याची रीत निराळी. तिथे सगळी सरमिसळ, आणि गर्दीत मावशींचं कार्ड मागून आलं की दोन्ही गेटांची हजेरी त्यांच्याच नावावर.

मी जवळजवळ पळतच मॅनेजरांकडे गेले, सगळं दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"दुरुस्त करून टाका. पण मॅडम, तुम्ही आत होतात तेवढ्यात बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. ठेकेदार म्हणाला, चूक कबूल कर, दुसऱ्या कंपनीत लावतो. आता इथे नाही घेता येणार तिला. चूक नसती तर माफी कशाला मागितली असती?"

मी वाद घातला, आवाज चढवला. ते फोन घ्यायला उठले.

बाहेर मावशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, "मावशी, सापडलं. चूक तुमची नव्हती."

"ते मला पहिल्यापास्नं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांगा की."

मी त्यांनाच सांगून आले होते.