खर्पुडी, बुलबुल आणि मी

“कन्नडच्या डोंगरात खर्पुडी फुललीय,” असा सांगावा आला आणि रानफुलांचं वेड असलेले आमचे मास्तर ताटावरून उठून पिशवी भरायला लागले. माझ्या माहेरी जायचं म्हटलं की याच माणसाचं डोकं दुखतं! म्हटलं, “मी बी येते.” बघू तरी, कोण एवढी लागून गेलीय.

तुम्हाला जायचं असलं तर औरंगाबादहून सकाळची मोटार गाठा. भाडं हाली पैशांत, म्हणजे निजामाच्या नाण्यांत ठेवा, इंग्रजांचा कलदार रुपया काढला की कंडक्टर हुज्जत घालतो. भाकरी-ठेचा घरूनच न्या. वेरूळच्या पुढं रस्ता हाडं खिळखिळी करतो, आणि कन्नडहून छकडा करावा लागतो. वाटेत कुंपणाकुंपणावर बुलबुल गात होते.

“ऐका की,” मी म्हटलं.

“त्यात काय? रोजचंच आहे.”

रोजची तर मी बी होते.

डोंगरात गवताआड ती सापडली. बोटाएवढं फूल, कंदिलाच्या घाटाचं. हे तिला बघायला चिखलात पालथेच पडले. “काय नाजूक आहे गं!” मला मेलं कधी असं म्हणाले नाहीत. नुसता जळफळाट झाला माझा.

उतरताना वस्तीवरच्या सखूबाईनं पाहुणे म्हणून चुलीत कंद भाजून दिले. यांनी एक तोंडात टाकला. “गोड आहे! कशाचा?”

“खर्पुडीचा. तुमी तिच्यापायीच आलात नव्हं? लई हुडकून उकरली.”

यांचा घास घशातच अडकला. “खा की,” मी म्हटलं, “एवढी आवडती तर!” आणि मी दोन खाल्ले.

एक कच्चा कंद उरला होता. तो यांनी रुमालात बांधून घरी आणला, कुंडीत लावला. झालं! सवत दारात आली. चहाची बशी घेऊन हे रोज सकाळी तिच्यापाशी. फूल मात्र येईना.

पुढच्या पावसाळ्यात भावजयीच्या बाळंतपणाला मी पाचोडला गेले. परतले तर वेलावर सुकलेली फुलं.

“अहो, फुलली होती की!”

“व्हय?” हे दचकलेच. “ध्यानातच आलं नाही. तू नव्हतीस, घरात मन लागंना. कुंपणावर बुलबुल यायचा, त्याला ऐकत बसायचो. तुझ्यावानीच बोलतो, दम न घेता.”

खर्पुडीवरचा राग तिथंच गेला. आता तिला पाणी मीच घालते. पण खरं सांगू? सकाळी कुंपणावर बुलबुल बसला की चूल सोडून उठते आणि आधी त्याला हाकलून येते.