टायर कोणी बसवला होता?

मोरेश्वर गेल्याचं मला आमच्या कंपनीतच कळलं. स्टोअरच्या खिडकीशी मेंटेनन्सचा एक जण बेअरिंगच्या मागणीची चिठ्ठी घेऊन आला होता. मी रजिस्टरात नोंद करत असताना तो म्हणाला, “तुमचा मोरेश्वर गेला ना सकाळी. पाटी लावलीय गेटवर.” मी बेअरिंग काढून दिली, त्याची सही घेतली, आणि मग खुर्चीत बसलो ते साहेब येऊन उभे राहीपर्यंत उठलोच नाही... कावीळ झाली होती, एवढं माहीत होतं. दहा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात जाऊन भेटलोही होतो. पण एक्केचाळिसाव्या वर्षी माणूस काविळीने जातो, हे डोक्यात शिरत नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या करावे गावात सगळे जमले तेव्हा त्याच्या मेहुण्याने मला पुढे ढकललं. “तुमीच त्याचे जवळचे. दोन शब्द बोला.” मी तोंड उघडलं आणि मिटलं. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. ते खरं होतंच, पण तेवढंच खरं नव्हतं. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी जे बोललो नाही ते लिहायला बसलो आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील गेल्यावर आई, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान सुधीर असे तिघे नेरुळला राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि खाडीचा वारा याखेरीज फारसं काही नव्हतं. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर क्लार्क झालो. मोरेश्वर तिथे फिटर होता. काळा, रुंद खांद्यांचा, बोलायला हळू. त्याचे वडील करावे गावातले, खाडीत मासेमारी करणारे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि मुलगा कारखान्यात आला. मी जुनी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच महिन्यात मागचा टायर गुळगुळीत झाल्याचं त्याने गेटवर उभ्या उभ्या बोटाने दाखवलं. म्हटलं, “टाकतो दुकानात.” तर म्हणाला, “दुकानात कशाला? ते लोक रिमला ठोकून ठोकून खड्डे पाडतान. रविवारी घरी येतो. नवा टायर तेवढा आनून ठेव.”

त्या रविवारपासून आमच्या इमारतीच्या खालची मोकळी जागा त्याची झाली. चाक काढून तो गोणपाटावर आडवं ठेवायचा. ट्यूबमधली हवा सोडायची, मग दोन्ही पायांनी टायरच्या कडेवर उभं राहून, तोल सांभाळत, गोल गोल फिरत ती कड रिमपासून सुटी करायची. एवढा धिप्पाड माणूस चाकावर नाचतोय हे बघायला गॅलरीत बायका यायच्या. मग लिव्हर. टायर उचकटायच्या त्या लोखंडी पट्ट्या त्याने स्वतः घासून गोल केल्या होत्या, कुठे धार म्हणून राहू दिली नव्हती. नवा टायर चढवताना तो कडेला साबणाचं पाणी लावायचा, ट्यूबला पावडर चोळायचा आणि तिच्यात थोडीशी हवा भरायचा, म्हणजे ती दुमडत नाही. शेवटची वीतभर कड सगळ्यात अवघड. तिथे लिव्हर खोल गेली की ट्यूब रिम आणि पट्टीमध्ये चिमटते. लगेच कळतही नाही. “ही जागा बघ,” तो सुधीरला दाखवायचा, “इथं घाई केली का चार दिवसांनी भोगायचं.” प्रत्येक वेळी तो ती कड बोटांनी उचलून आत डोकावायचा, पूर्ण गोल, दोनदा. मला कंटाळा यायचा. मी वर जाऊन पेपर वाचून परत यायचो तरी हा वाकून बघतोच आहे.

आणि एवढ्यावर भागायचं नाही. चाकाचा तोल बघायचा असे. आईच्या स्वयंपाकघरातले दोन स्टूल खाली आणून त्यांच्यावर चाकाचा दांडा टेकवायचा आणि चाक हलकेच फिरवून सोडून द्यायचं. ते फिरत फिरत थांबायचं, थोडं मागे यायचं, आणि जड बाजू खाली जाऊन उभं राहायचं. मग समोरच्या वरच्या स्पोकला वजन. त्यासाठी त्याच्याकडे वडिलांच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं होती. ती ठोकून चपटी करायची आणि स्पोकभोवती गुंडाळायची. पुन्हा फिरवायचं. पुन्हा थांबायचं. चाक कुठेही सोडलं तरी जिथल्या तिथे राहिलं, की तो हात पुसायचा. सुधीर म्हणायचा, “मोरूदादा, एवढं कोण करतं?” तो म्हणायचा, “बसनारा आपलाच मानूस हाय ना.”

सुधीर त्याच्यामागे वेडा होता. कॉलेज संपून नोकरी शोधण्याचे त्याचे दिवस होते. माझ्याशी भांडायचा तो मोरेश्वरपाशी मुकाट ऐकायचा. गाडी आम्हा दोघा भावांत एकच. मोरेश्वरने सुधीरला ती चालवायला शिकवली आणि मला एक अट घातली. “पंक्चर झालं तर रस्त्यावरच्या कोनाला चाक खोलू देऊ नको. ढकलत आन, नायतर निरोप दे, मी येतो.” मी हो म्हटलं होतं.

ते वर्ष मी लिहीत नाही. पावसाळा नुकताच संपला होता. रविवारी मोरेश्वरने मागचा टायर आणि ट्यूब नवी बसवली. गुरुवारी सकाळी कंपनीत निघालो असताना शिरवण्याच्या पुढे खिळा लागला. त्या दिवशी स्टोअरच्या मालाच्या मोजणीला वरचे साहेब येणार होते. समोर पत्र्याच्या आडोशाला पंक्चरवाला बसला होता. मी घड्याळ बघितलं आणि गाडी त्याच्यापुढे लावली. त्याने चाक खोललं, मोठ्या सळईने टायर उचकटला, ठिगळ लावलं आणि तसाच सळईने परत चढवला. कड उचलून आत बघितलं नाही. मी बघत होतो. सांगावंसं वाटलं, “जरा बघ ना आत.” पण उशीर होत होता. वीस मिनिटांत मी कंपनीत पोचलो. दुपारी जेवताना मोरेश्वर समोरच बसला होता. “गाडी नीट चालते ना?” त्याने विचारलं. म्हटलं, “एकदम.” पंक्चरचं सांगितलं असतं तर तो चिडला असता, सुट्टी झाल्यावर तिथेच चाक खोलायला बसला असता. मला घरी लवकर जायचं होतं.

शनिवारी सकाळी सुधीरला ऐरोलीला मुलाखतीला जायचं होतं. आईने त्याच्या हातावर दही घातलं. मीच त्याला गाडीची चावी दिली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या अलीकडे, चालत्या गाडीचा मागचा टायर हवा जाऊन एकदम बसला. गाडी वेडीवाकडी झाली आणि तो उजवीकडे पडला. मागून ट्रक येत होता... ट्रकवाल्याची चूक नव्हती असं बघणारे सगळेच म्हणाले. सुधीर जागच्या जागी गेला. तेवीस वर्षांचा होता.

दोन दिवसांनी पोलीस चौकीत बोलावलं. मोरेश्वर माझ्याबरोबर आला. मला धरूनच आणलं म्हणा. अंगणात गाडी आडवी पडली होती. तपासायला आलेल्या माणसाने टायरमध्ये हात घालून ट्यूबच्या चिंध्या बाहेर काढल्या, बघितल्या आणि टाकून दिल्या. मोरेश्वरला तिकडे बघवत नव्हतं. म्हणाला, “टायर चढवताना ट्यूब चिमटलेली असणार. असं होतं. दोन-तीन दिवस चालते, मग फाटते.” हवालदाराने कागदावरून मान वर केली.

“टायर कोणी बसवला होता?”

मी उत्तर द्यायला हवं होतं. मला त्या पंक्चरवाल्याची सळई दिसत होती, त्याचे हात दिसत होते. पण शेजारून मोरेश्वर म्हणाला, “मी, साहेब. मी बसवला.”

हवालदाराने दोघांकडे बघितलं. “गॅरेज आहे का तुझं?”

“नाय. घरी बसवला. रविवारी.”

हवालदाराने काहीतरी लिहिलं आणि “अपघात” म्हणून कागद पुढे सरकवला. मी सही केली. बाहेर आल्यावर मोरेश्वर चौकीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, “मी बगितला होता रे, वसंता. दोनदा बगितला होता. कसा राहिला असेल?” आणि तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. त्या क्षणी मला वाटलं, आज नको, आज मला सोसणार नाही. उद्या सांगेन.

तो उद्या पाच वर्षं आला नाही.

मोरेश्वरने त्यानंतर टायरला हात लावला नाही. लिव्हर, पंप, शिशाची वजनं, सगळं गोणपाटात बांधून भरतीच्या वेळी खाडीत सोडलं, हे त्याच्या बायकोकडून, वनितावहिनींकडून कळलं. स्वतःची गाडी काढून टाकली. कंपनीच्या बसने यायला लागला. कारखान्यातही एखादा नट आवळला की तो परत परत जाऊन बघायचा. चार पावलं जायचा, वळायचा, पुन्हा पाना लावायचा. पोरं हसायची. पुढे साहेबांनी त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये माल उचलायला दिला, माझ्याच हाताखाली. इतका चांगला फिटर... दुसऱ्या दिवसापासून तो खोकी उचलायला लागला.

आणि दर रविवारी तो आईकडे यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, “आई, माझ्या हातनं झालं.” आईने त्याला उठवलं. मग म्हणाली, “जाणूनबुजून केलंस का लेकरा? ये, आत बस.” मी शेजारी उभा होतो. आईने त्याला माफ केलं, माझ्यादेखत, माझ्या चुकीसाठी. मग तो तिचा मुलगाच झाला. गहू दळून आणायचा, गॅसचा सिलेंडर वर चढवायचा, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस रजा टाकून बसला. मी नोकरी, लग्न, संसार यांत होतो आणि आईची काळजी मिटली म्हणून मला बरंसुद्धा वाटायचं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं आहे. त्याच्या अपराधीपणावर आमचं घर चाललं होतं.

सांगायला गेलो नाही असं नाही. दोनदा त्याच्या घरापर्यंत गेलो. एकदा तो अंगणात जाळं विणत बसला होता, मला बघून इतका खूश झाला की मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा वाटलं, एवढ्या वर्षांनी सांगितलं तर तो विचारेल, “मग तवा का नाय बोललास?” मी दारातूनच परत फिरलो. जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

हॉस्पिटलात भेटलो ती शेवटची भेट. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. डॉक्टर म्हणाले होते, उतरेल, वेळ लागेल. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघेच. त्याने माझं मनगट धरलं.

“वसंता, एक विचारू? त्या रविवारी तू खाली होतास ना? मी कड उचलून बगितली होती काय रे? आता मनाच आठवत नाय.”

मी म्हटलं, “बघितली होतीस. दोनदा.”

“मग?”

तो माझ्याकडे बघत राहिला. इतकी सरळ वाट मला आयुष्यात कोणी करून दिली नव्हती. मी म्हटलं, “आता त्याचा विचार करू नकोस. बरा हो आधी.” त्याने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मागच्या आठवड्यात मी करावे गावात जाऊन वनितावहिनींना सगळं सांगितलं. गुरुवार, खिळा, पंक्चरवाला, चौकी, हॉस्पिटल. त्या मासळीची टोपली धूत होत्या. हात थांबले नाहीत. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पाणी ओतून टाकलं आणि विचारलं, “त्याला सांगलाव होता का?”

“नाही.”

“मग मना कशाला सांगताव?” त्या उठल्या. “निजेत हात हलवाचा तो. टायर चढवल्यासारका. पाच वर्सा मी बाजूला निजून बगत होते. जा तुमी आता.”

मी निघालो. त्यांनी दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. गल्लीत जाळी वाळत घातली होती, माणसं बोलत होती, कोणीतरी मला ओळखून मान हलवली. मीही हलवली. मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. काही हलकं झालं नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशननंतरही तिला बारीक अक्षर दिसत नाही. रविवारच्या पुरवण्या तिला मोरेश्वर वाचून दाखवायचा. खिडकीशी स्टूल घेऊन, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखं शब्दावर बोट ठेवून. अवघड शब्द आला की अडखळायचा, दोनदा म्हणायचा, पण एकही ओळ गाळायचा नाही. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. हे त्याच पुरवणीला पाठवतो आहे. छापून आलं, तर त्या रविवारी आई नेहमीसारखा पेपर माझ्या हातात देईल, पदर सावरून बसेल आणि म्हणेल, “वाच.”