बाकावरचा फुकट सल्ला

आता हे सांगावं की नाही, याच विचारात आहे. ऐकल्यावर तुम्ही मला जन्मात काही विचारणार नाही. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

नव्वदच्या दशकात आम्ही वसईजवळ जूचंद्रला छोटंसं घर बांधलं. नळ नव्हताच, सगळी भिस्त मागच्या विहिरीवर. आणि विहिरीकडे जायची वाट शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून. एक दिवस पाहतो तर तिथे तारेचं कुंपण! मालक पाचूबंदरचा कोणी, त्याचं तोंडही कधी पाहिलेलं नाही. माझं डोकंच फिरलं, सरळ दावा ठोकला. इकडे बायको लांबचा वळसा घालून हंडे आणू लागली.

मग काय, तारखा. वकील आत जाऊन पुढची तारीख घेऊन यायचे आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर. तिथे एक म्हातारे कोळीबाबा हमखास भेटायचे. वसईच्या कोर्टात कुणाला 'कशाची केस' म्हणून विचारावं लागतं का? जमिनीचीच असते. नावगाव काहीही न विचारता मी त्यांच्यापुढे घरचं रडगाणं गायलं. बायको लांबून पाणी आणते, कंबर गेली तिची, हेच.

एकदा बाबा म्हणाले, "सायब, माजा वकील बोलतो मिटवून टाका. काय करू?"

"अजिबात नाही, बाबा. एकदा नमलात की लोक डोक्यावर बसतात. एक फूटसुद्धा सोडायचा नाही."

"तुमी शिकलेले. तुमी बोलता तसाच करतो."

मला इतकं बरं वाटलं की त्यांच्या चहाचे पैसे मीच दिले.

पुढे साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आत दोन्ही वकिलांनी समझोता जमवला. समोरचा वाट द्यायला तयार, फक्त सह्या बाकी. मी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन हजर. तर आमचे वकील तोंड पाडून बाहेर आले.

"पार्टी फिरली हो. कुणा शहाण्यानं सांगितलंय म्हणे, एक फूटसुद्धा सोडू नका."

"कोण तो गाढव?" मी चिडलो. "लोकांना नसते सल्ले द्यायला कुणी सांगितलंय?"

तेवढ्यात दारातून कोळीबाबा त्यांच्या वकिलासोबत आले आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "ह्येच ते सायब."

पेढ्यांचा पुडा हातात तसाच. दोन्ही वकील माझ्याकडे बघतायत. बाबांनाही आत्ता उलगडा होत होता.

"म्हंजी तुमची केस माज्याशी?"

"म्हणजे ते कुंपण तुमचं?"

बाबा मटकन बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "मंग ती पानी आननारी बाय... ती माज्या तारेमुळं वळसा घालते?"

मी मान हलवली. खरं सांगतो, दोघांनाही लाज वाटत होती.

बाबा वकिलाकडे वळले. "वाट देऊन टाका. कागद आना, सही करतो. पन पयलां या सायबांना गप बसवा."

पुढे त्या प्लॉटवर बाबांनी लेकीसाठी घर बांधलं. हंडे तेव्हापासून मीच आणायचो, बायकोचा हुकूम. त्यांच्या ओट्यावर पाहुणे बसलेले असले की बाबा मला मुद्दाम थांबवायचे.

"ह्ये माजे वकील. फी नाय घेत. पन यांचा आयकू नका."