खांबावर कोणी असेल म्हणून

बारापात्रे सरांची आणि माझी पहिली ओळख आमच्या महाल भागातल्या घराच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली झाली. नागपुरात मे लागला की कूलरला वाळ्याच्या ताट्या आणि गच्चीला जाळी हे ठरलेलंच. माझ्या वडिलांनी त्या वर्षी नव्या सौर पॅनेलांवरही जाळी ताणली आणि वीज कमी येते म्हणून कुरकुर सुरू केली. शेजाऱ्यांनी तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सरांना बोलावून आणलं.

"जाळी काहून बांधली, काकाजी?" सरांनी विचारलं.

"येवढं ऊन त्याइले सोसन का? जळून जातीन."

सर हसले नाहीत. तिथेच उकिडवे बसून म्हणाले, "चूक तुमची नाही. आपण उजेडालेही ऊन म्हणतो अन् तापालेही ऊनच. ताप पॅनेललेही सोसत नाही, खरं आहे. पण उजेडच अडवला तर वीज कुठून येईल?" वडिलांनी स्वतःच जाळी सोडली.

पुढे मी शहराबाहेर वाडीला सौर पॅनेल आणि पाणी तापवायच्या सोलरचं दुकान टाकलं, आणि सर दर रविवारी सकाळी तिथे येऊन बसू लागले. ढगाळ दिवशी पाणी तापेल का, बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतलं तर चालेल का, माकडांचं काय करायचं, असे तेच ते प्रश्न घेऊन लोक येत आणि सर प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर देत. उमरेडच्या एक बाई सासूबाईंसाठी सोलर घ्यायला आल्या, तेव्हा सर एसटीने जाऊन त्यांचं छत पाहून आले. शेजारच्या इमारतीची सावली दिवसभर हटत नाही, घेऊ नका, असं सांगून मोकळे झाले. माझं पक्कं गिऱ्हाईक गेलं. मी दोन रविवार सरांशी धड बोललो नाही, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरविकेसाठी प्रसन्न काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आहे. ते माझ्याने होणार नाही. सरांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि गावभर जाळ्या तशाच आहेत. आमच्या धंद्यात आता काहीही विचारा, उत्तर 'हो'च मिळतं. खरं 'नाही' ऐकायला लोक सरांकडे येतात, ऐकतात आणि 'हो' म्हणणाऱ्याकडून माल घेतात.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "लाइन गेली तर आपलं चालते का?" सर सांगतात, "नाही चालत. वेगळी बॅटरीची सोय नसंल तर बाहेरची लाइन गेल्यावर आपलंही बंद पडते. पडलंच पायजे. नाही तर आपली वीज उलटी तारेत जाईल, अन् दुरुस्तीले खांबावर चढलेला माणूस मरंल."

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी सरांच्या भागातली लाइन गेली. काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नींची, फुप्फुसं तेव्हा फार थकली होती. दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या आणि पुन्हा तिथे जायचं नाही म्हणून हटून बसल्या होत्या. कूलर बंद पडला. घरचा छोटा इन्व्हर्टर पंखा फिरवून फिरवून बसला. सरांचा फोन आला तसा मी बर्फ घेऊन धावलो. काकूंना धाप लागली होती, आणि वर गच्चीवर रखरखीत उन्हात पॅनेलं बंद होती. शेजारचे म्हणत होते, "सर, तुमच्या घरी ऊन असून अंधार काहून?"

मी म्हणालो, "सर, मी जोडून देतो. मेन स्विच पाडून घर बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि लाइन आहे असं भासवून यंत्रणेला फसवतो. कूलर चालेल."

"तो मेन जुना आहे गा. पाडला तरी कधी कधी चिकटून राह्यते."

"सर, काकूंकडे बघा."

"पाहूनच राहिलो," सर म्हणाले. "पण खांबावर कोणी असंल."

ते ओला पंचा काकूंच्या कपाळावर फिरवत राहिले. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. लाइन संध्याकाळी आली. त्याच आठवड्यात काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता. मला ते पटवून घ्यायचं आहे, पटत नाही. सरांना पटलं का, हे विचारायची माझी छाती नाही.

सर अजूनही रविवारी येतात. परवा एका ताईंनी लाइनचाच प्रश्न विचारला आणि वर म्हणाल्या, "मग तुम्ही तरी काहून लावलं?" सर उठून दारातल्या पॅनेलवरची धूळ पुसायला लागले. उत्तर मी दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

अमृतमहोत्सवाचं सरांना काही कौतुक नाही. मला म्हणाले, "मले शंभर वर्षं मागू नको गा. घरी बोलाले कोणी नाही." सर, तुमचा एवढा एक शब्द मी मोडतो आहे. त्या दुपारी खांबावर खरंच कोणी चढलं होतं का, हे आम्हाला माहीत नाही आणि तुम्ही कधी चौकशीही केली नाही. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि तो जो कोणी होता, असलाच तर, त्यालाही लाभो.