करकोच्याच्या पायातलं कडं

मायणीच्या तळ्याकाठी अर्जुना धनगराइतकं चालणारं माणूस नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं पुढं घालून तो घाट उतरायचा, कोकण फिरायचा आणि वळवाच्या तोंडावर माघारी यायचा. शेत नव्हतं, धड घर नव्हतं. पाय होते.

त्रेचाळीस साली दिवाळीच्या आधी तळ्याच्या चिखलात त्याला एक मेलेला पांढरा करकोचा दिसला. पायात कडं, कड्यावर बारीक अक्षरं. तो ते शाळेतल्या नानासो मास्तरांकडं घेऊन गेला.

मास्तर म्हणाले, "हे जर्मनीचं आहे. तिकडं पाखरांना अशी कडी घालून सोडतात. कुठं सापडलं ते कळवलं, की पाखरू किती लांब गेलं ते समजतं. मुंबईत याचा अभ्यास करणारे लोक आहेत."

"मग लिवा की मास्तर. आपलं जित्राब कुठं मेलं, ते मालकाला कळाया नगं व्हय?"

मास्तरांनी अर्जुनाच्या नावानं इंग्रजीत पत्र लिहिलं. महिन्याभरात उत्तर आलं, खाली साहेबाची सही. जर्मनीशी लढाई चालू आहे, टपाल बंद आहे, लढाई संपल्यावर विचारून कळवू.

त्याच आठवड्यात डोंगरात लपलेले दोन भूमिगत पोलिसांनी धरले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाच जण मेंढवाड्यावर आले. पुढं भूमिगतांचा म्होरक्या मानसिंग.

"धनगराला सायबाचं पत्र कशापायी रं?"

"पाखराचं हाय, दादा."

पाचही जण हसले. "पाखरू घावलं आन् आमची पोरंबी घावली. व्हय ना?"

"मास्तरास्नी इचारा. त्येनीच लिवलंय."

एक जण शाळेत जाऊन आला. मास्तर म्हणाले होते, "मी? मी कशाला साहेबाला लिहू?"

अर्जुनाची बायको हरणाबाई मानसिंगच्या पाया पडली. "आवं दादा, पाठ फोडा, पर पाय नगा मारू. पायावर प्वॉट हाय आमचं."

"म्हणूनच पायावर," मानसिंग म्हणाला.

दोघांनी पाय धरले, तिसऱ्यानं तळव्यांवर काठी चालवली. हाडं मोडल्यावरही तो थांबला नाही. मेंढरं वडूजच्या बाजारात गेली. हरणाबाई सडकेवर खडी फोडायला लागली. अर्जुना हातांवर सरकायला शिकला. पुढं चार वर्षं त्याच्याशी कुणी बोललं नाही, पोरं तेवढी लांबून खडे मारायची.

सत्तेचाळीस साली मुंबईहून दुसरं पत्र आलं. चावडीत वाचायची पाळी मास्तरांवरच आली. जर्मनीतल्या एका खेड्यात, चर्चच्या कौलांवरच्या घरट्यात, तिथल्या शाळामास्तरानं पिल्लाला ते कडं घातलं होतं. गाव जळालं, पण त्यानं नोंदींची वही सांभाळली होती. अर्जुनाचे त्यानं आभार मानले होते. वाचताना मास्तरांचा आवाज खाली गेला.

मानसिंग पाटावर बसला होता. अंगात आता कडक खादी.

अर्जुना जमिनीवरून म्हणाला, "दादा, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं. चूक झाली गड्या. पर तुझ्यामागनं ह्या पट्ट्यात एकानंबी पोलिसांफुडं तोंड उघडलं न्हाई. तुझं पाय वाया न्हाईत गेलं."

चावडीतल्या लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यात आधी मास्तरांनी.