व्हर्नाचा कान

ओहायोतल्या आमच्या कारखान्यात मेट्रोच्या गाड्यांची नाकं, म्हणजे चालकापुढचा दर्शनी भाग, बनतात. साच्यात काचतंतूंची चटई अंथरायची, राळ ओतायची, रोलर फिरवून हवा काढायची. हवा राहिली की आत पोकळी, आणि ती हुडकायची व्हर्ना कांगासने. पाव डॉलरचं नाणं घेऊन ती नाकभर टकटक करायची. भरीव जागा टण्ण वाजते, पोकळ भद्द. सव्वीस वर्षं तिने मान हलवल्याशिवाय एक नाक ट्रकवर चढलं नाही. साहेबलोक यंत्रं घेऊन येत आणि शेवटी तिलाच विचारत, मग ती यंत्रं आणायची कशाला, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यापासून तिला सगळंच सारखं ऐकू येऊ लागलं. बोलली नाही कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाण्याशेजारी बोट टेकवून थरथरीवरून अंदाज घ्यायची. तपासणी गेली असती तर राहिलं काय असतं तिच्यापाशी? घरी तिला काही विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या मंगळवारी काचेच्या चौकटीखाली तिचं बोट अडखळलं. शेजारच्या साच्यावर अठरा वर्षं राबणाऱ्या रूडी पामिसानोला तिने बोलावलं.

"का गं म्हातारे, नाणं बोथटलं का?" म्हणत त्याने वाजवलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. ते क्षणभर उतरलं. मग तिने का बोलावलं तेही त्याला उमगलं.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दे पाठवून."

पत्ते खेळताना रूडी थाप मारतो तेव्हा कसा दिसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बिचारा तिच्यासाठीच बोलला होता. तिने लाल खडूने तिथे गोल काढला.

"रूडी, ह्याच्यामागे माणूस बसणार आहे. आणि मला ऐकू येत नाही."

आपण किती मोठ्याने बोललो हे तिला कळलं नाही. अख्खी शेड वळून बघत होती.

कापलं तर आत तळहाताएवढी पोकळी. फोरमन स्टॅनसिकने विचारलं, हिवाळ्यापासून किती पास केलीस? नऊ, तिने सांगितलं. नऊही शहरात धावत होती. रूडी ती वाजवायला त्याच दिवशी निघाला.

चौथ्या दिवशी रूडीचा फोन आला. तिने तो कानाला लावला, पण नुसती गुणगुण. तिने तो स्टॅनसिकच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्याने बराच वेळ ऐकलं. मग तिच्याकडे बघून नऊ बोटं वर केली आणि हसला, तेव्हा कुठे ती रडली.