ग्रीकांना भिणारे अण्णा

अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या ग्रीकांना अजून भिणारा माणूस उभ्या बेळगावात एकच आहे, आणि तो खासबागेत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निपाणीच्या कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून ते इथे राहायला आले. बाकीचे मास्तर निवृत्त झाले की विषय विसरतात. अण्णांचा विषय मात्र सामानाच्या टेम्पोतून त्यांच्याबरोबर आला आणि वर्गात जे ग्रीक निमूट फळ्यावर बसायचे, ते अण्णा आणि वहिनी अशा दोन माणसांच्या घरात मोकाट सुटले. चोरांची, सापाविंचवांची, सरकारी नोटिशीची अण्णांना भीती नाही. आपल्या आत 'मी' म्हणून जे कोण बसलंय ते एक दिवस गुपचूप उठून जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, ही एवढीच त्यांची भीती. ती मात्र त्यांनी इतकी मन लावून सांभाळली की आम्ही सगळे तिला त्यांच्या घरातलं तिसरं माणूस समजत होतो.

त्या ग्रीकांची नावं अण्णा घेत नसत. नाव घेतलं की मंडळी दारात येऊन उभी राहतील, अशी धास्ती असावी. निपाणीत जसे तंबाखूवाले, भांडीवाले, तसे अण्णांचे ग्रीक. तुरुंगात शिष्यांशी गप्पा मारता मारता विष प्यायले ते विषवाले आप्पा. आत्मा म्हणजे दोन घोड्यांचा रथ, एक घोडा गुणी आणि एक उनाड, असं सांगणारे ते रथवाले. आत्मासुद्धा बारीक कणांचाच, माणूस मेला की कण पांगले, मागे कुणी उरत नाही म्हणणारे ते कणवाले. एका नदीत दोनदा पाय घालता येत नाही म्हणणारे नदीवाले. आणि एकाचा जीव दुसऱ्या प्राण्यात शिरतो म्हणणारे, वर पावट्यासारख्या शेंगांतल्या दाण्यांना हात लावू नका असंही बजावणारे, ते पावटेवाले. या मंडळींचं आपसात मुळीच पटत नाही. अण्णांचं मात्र सगळ्यांशी पटायचं. ज्याचं वाचावं ते खरं वाटायचं, म्हणून पाचही जणांची भीती एकट्या अण्णांच्या वाट्याला आली.

कणवाल्यांमुळे त्यांनी मोकळेपणानं जांभई देणं सोडलं. निपाणीत वखारीचं दार उघडलं की तंबाखूची धूळ भस्सकन बाहेर येते, तसा आपला आत्मा बाहेर पडेल म्हणून जांभई आली की ते दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तसेच बसत. पावटेवाल्यांमुळे अनगोळच्या एका लग्नात त्यांनी थेट आचाऱ्याला गाठलं आणि उसळीत पावटा आहे का, म्हणून असं खोदून खोदून विचारलं की तो आचारी यांना अन्न तपासणीचा साहेब समजून दोन वेळा हात धुऊन आला. रथवाले खव्याच्या गोड कुंद्याची वाटी समोर आली की हजर होत. अण्णांना साखरेचा त्रास. ते वाटीकडे बघत पुटपुटत, "गुणी घोडा नको म्हणतोय. उनाड काय ऐकंना." तोवर उनाड घोड्यानं अर्धी वाटी संपवलेली असे. वहिनी स्वयंपाकघरातून सांगत, घोडे दोन्ही तुमचेच आणि गोळीही तुम्हालाच घ्यायची आहे.

पण त्यांची खरी सवय फाटकातली. रोज सकाळी दूध घेऊन परतताना ते माझ्या फाटकाशी थांबून हाक मारत, "हायस न्हवं रं?" आमच्याकडे हे कुणीही कुणालाही विचारतं आणि उत्तर यायच्या आत पुढच्या फाटकाशी पोचतं. अण्णा थांबत. मी "हाय की" म्हटल्याशिवाय हलत नसत. एकदा दाढी करता करता मी नुसतंच 'हं' केलं, तर दुधाची पिशवी घेऊन आत आले, साबणाखालचा माझा चेहरा नीट निरखला आणि समाधान झाल्यावर गेले. घरात दुपारी वहिनींचा डोळा लागला की त्यांनाही हाच प्रश्न. बिचाऱ्या झोपेतून उठून "हाय, हाय" म्हणत आणि परत कूस वळवत.

आम्ही हसायचो. मीही पोटभर हसलो आहे. मग एकदा त्यांनी आईचं सांगितलं. शेवटचं वर्षभर त्यांची आई गावच्या घरी पुढच्या सोप्यावर बसून असायची. लुगडं तेच, कुंकू तेच, तांदूळ निवडणारी बोटंही तीच. अण्णा निपाणीहून आले की विचारायची, "तू कुणाचा रं?" हे सांगून अण्णा म्हणाले, "आई समोर बसलीती. मग आई गेलती कुठं? पाची जणांना विचारलं. एकालाबी सांगता आलं न्हाय." त्यानंतर मला त्यांच्या जांभईला हसणं जमेना.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लहान होतं, पण भूल पूर्ण द्यायची होती. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. सुईला किंवा सुरीला ते भ्याले नव्हते. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं, मी त्या वेळात कुठं असतो? त्या म्हणाल्या, टेबलावरच असता. अण्णा म्हणाले, ते शरीर, मी माझं विचारतोय. बाईंनी त्यांचा रक्तदाब परत मोजला. संमतीच्या कागदावर तर ते सहीच करेनात. आजचा मी सही करणार आणि उद्या कापणार दुसऱ्याच कुणाला, परक्या माणसाची परवानगी मी कशी देऊ, हे नदीवाल्यांचं म्हणणं. शेवटी वहिनींनी, आजच्यानं सही केली नाही तर उद्याच्याचं पोट दुखेल, असं सांगितल्यावर त्या उद्याच्याची दया येऊन त्यांनी सही केली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी एक काम सोपवलं. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही दोघं जांबोटीला गेलो होतो. बस चुकली म्हणून रानातून चालत निघालो. वाटेत एक म्हैस अण्णांकडे टक लावून बघत उभी राहिली. अण्णा थबकले, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि हात जोडून नमस्कार केला. त्या म्हशीत त्यांना कुणाचा जीव दिसला, हे त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. "शुद्धीवर आलो की इचार, जांबोटीच्या वाटंवर नमस्कार कुणाला केलता? बरोबर सांगितलं तर मी आलोय. न्हाय सांगितलं तर..." ते थांबले. "तर हिला एकदम सांगू नको. हळूहळू सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं आणि ते दार मिटलं. तेव्हा मला कळलं की एवढी वर्षं शेजारी राहून त्यांची भीती मलाही लागली आहे. शेजारी वहिनी जपमाळ ओढत होत्या. दार उघडेल आणि अण्णांसारखंच कुणीतरी बाहेर येईल, या विचारानं माझा शर्ट पाठीला चिकटला. आपण त्यांच्यावर किती हसलो, हे आठवून लाज वाटली.

दोन तासांनी त्यांना वॉर्डात आणलं. पापण्या उघडल्या. मी वाकून, घसा खाकरून विचारलं, "अण्णा, जांबोटीच्या वाटंवर नमस्कार कुणाला केलता?"

"म्हशीला की वो," शेजारच्या खाटेवरचे, जांबोटीकडचेच एक शेतकरी म्हणाले. सलाईन बदलणारी नर्सही वळून हसत म्हणाली, "एम्मे, सर. एम्मे." म्हैसच, पण कानडीतून. आदल्या दिवशी अण्णांनी, आपण विसरलो तर कुणीतरी आठवण करून द्यावी म्हणून, सबंध वॉर्डाला उत्तर सांगून ठेवलं होतं. मग खोल विहिरीतून आल्यासारखा अण्णांचा आवाज आला, "म्हशीला." सगळे हसले. वहिनींनी डोळे पुसले. मला मात्र ते त्यांनी आठवून सांगितलं की ऐकून, हे कधीच कळलं नाही.

अण्णा घरी आले ते ठणठणीत. आठ दिवसांत फिरायला लागले, पंधरा दिवसांत भल्यामोठ्या जांभया देऊ लागले. एका रविवारी तर पावट्याची उसळ दोनदा मागून घेतली. मी भीतभीत पावटेवाल्यांची आठवण केली, तर म्हणाले, लई वर्षं उगीच भ्यालो. सगळ्यांना आनंद झाला. दूध घेऊन ते माझ्या फाटकावरून तसेच पुढे जाऊ लागले आणि मी हातात वस्तरा धरून, साबण वाळेपर्यंत वाट बघू लागलो. एक दिवस वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भावजी, आता दुपारी मला कोण उठवत न्हाय. झोपच लागंना झालीया." जे विचारायचं होतं ते दोघांनीही विचारलं नाही.

परवा सकाळी मला राहवलं नाही. त्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. सोप्यावर अण्णा पेपर वाचत होते. चष्मा तोच, मफलर तोच, पेपर धरायची तऱ्हाही तीच. मी हाक मारली, "अण्णा, हायसा न्हवं?"

पेपर खाली आला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांचा चेहरा तसा झाला, भुलीचं ऐकून झाला होता तसा पांढराफटक. त्यांनी हळूच एक हात छातीवर ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "बघून सांगतो."

मी फाटक धरून थांबलो. आत वहिनींनी पातेलं चुलीवरून उतरवलं होतं, त्याही तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या.